ओळंबा

मे महिन्यात नागपुरात इमारतीचा फोटो काढायचा
तर सव्वासहाच्या आत.
नंतर ऊन दगडावर पडत नाही,
दगडातूनच बाहेर येतं,
आणि पाकळ्या, पोपट, कमानीची महिरप
सगळ्याचं एक पांढरं ताट होतं.

म्हणून पहाटेच महालात.
डोक्याला दुपट्टा, कॅमेऱ्यालाही ओला दुपट्टा,
तिपाईचा एक पाय नालीच्या काठावर.
समोर छत्री. कोणाची, ते फाइलीतही नाही,
फाइलीत नुसता क्रमांक, सत्तेचाळीस.
माणसं दिसू नयेत, तारा दिसू नयेत,
उभ्या रेषा उभ्याच दिसाव्यात,
अशा अटी. पैसे कधी, ते लिहिलेलं नाही.

माणसं हलवणं सोपं.
मुगवड्यांची अख्खी खाट
एक बाई पदर खोचून उचलून नेते,
वर मलाच विचारते, “चहा घेता का जी?”
तारा घरी गेल्यावर पुसता येतात.
रेषांचं मात्र अवघड.
कॅमेऱ्याने मान वर केली
की इमारत मागे रेलते,
पंगत उठल्यावर माणसं लोडाला रेलतात तशी.

तिला ताठ बसवणारं एक भिंग असतं.
माझ्या स्कूटरहून महाग, हप्त्यांवरचं,
अजून अकरा बाकी.
उरलंसुरलं संगणकाच्या जाळीवर:
खांब पकडायचा, ओढायचा, रेषेला लावून सोडायचा.
अर्धं नागपूर मी असं सरळ केलंय.
झिरो माइलचा खांबसुद्धा.

पश्चिमेची बाजू राहिली होती,
म्हणून पुन्हा गेले, तेव्हा पैकुजी मिस्त्री भेटला.
पायरीवर बसून बिडी विझवत होता.
मी कौतुकाने छापील फोटो दाखवला.
त्याने हात शर्टाला पुसले, फोटो धरला,
लांब नेला, जवळ आणला.
“फोटो झ्याक हाये जी बाई.
पण हे आपली छत्री नोहोय.”
काहून?
“हे उभी हाये.”

मग पिशवीतून ओळंबा निघाला,
पितळी, गाजराएवढा,
दोरी चुन्याने पांढरी.
सत्तरीचा माणूस शिडीवर चढला,
खांबाच्या माथ्याशी दोरी टेकवली, सोडली.
ओळंबा डोलला. थोडा अजून डोलला.
आम्ही दोघंही श्वास धरून,
आणि ती मुगवड्यांची बाई, तीसुद्धा.

वर दोरी दगडाला चिकटलेली,
खाली दगडापासून दूर.
उतरून त्याने त्या फटीत बोटं घातली,
एक, दोन, तीन, चार.
“मागच्या दिवारीले तीनच मावत होते.”

त्या चार बोटांची मला आठवण होती.
जाळीवर हा खांब जरा जास्त ओढावा लागला होता,
भिंगाचाच दोष समजून
मी ओढला होता.
अहवालात आता कोणीतरी लिहिलंय,
स्तंभ लंबरूप, तातडी नाही,
सोबत जोडलेलं छायाचित्र क्रमांक तीन पाहावे.

सव्वासहा कधीच वाजून गेले होते.
मी भिंग बदललं, साधं लावलं.
खाट राहू दिली, तारा राहू दिल्या, शिडीही.
पैकुजी बाजूला सरकायला लागला,
“मले नोका काढू, दोरी काढा.”
म्हटलं, हात तेवढा राहू द्या फटीत,
नाहीतर मोजणार कशाने?
त्याने हात ठेवला.
अंगठ्याच्या नखावर चुना होता.

रात्री फोटो उघडला
तर यंत्राने आपणहून विचारलं,
सरळ करू का?

इतवारीतून ओळंबा आणलाय,
दोनशे दहा रुपयांना. दोरी वेगळी.
सेहेचाळीस इमारती माझ्या डिस्कमध्ये
अटेन्शनमध्ये उभ्या आहेत.
उद्या पहाटे क्रमांक एक.
पैकुजी म्हणालाय, शिडी तुमची तुम्ही आणा.